परत आलेल्या गाद्या

रुग्णालयात तिला सगळे मणकेबाई म्हणत. तोंडावर डॉक्टर, पाठीमागे मणकेबाई. तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकत नव्हती. निम्मं आयुष्य लोकांच्या पाठीमागे उभं राहून मणके तपासण्यात गेलेल्या बाईला दुसरं नाव कुठून मिळणार?

सांधेविकार विभागात ती एका आजारावर संशोधन करत होती. या आजारात शरीराची राखण करणारी यंत्रणा घरच्यांवरच भुंकायला लागते. कण्याचं खालचं टोक जिथे कमरेच्या हाडांना जोडलेलं असतं, तिथे आधी सूज येते. मग ती सूज वर चढते, कधी गुडघा, टाच, खांदा धरते, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर मणके एकमेकांना चिकटून कण्याचा बांबू होतो. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, असं म्हणतात. हे दुखणं येतंही मुंगीच्याच पायानं. विशी-पंचविशीत कंबर दुखते, माणूस म्हणतो बसणं चुकलं, झोपणं चुकलं, आणि खरं काय ते कळेपर्यंत केस पिकायला लागतात.

तिच्याकडे येणारे लोक असेच उशिरा येत. एकदा एक घड्याळजी आला. दारातून कोणी हाक मारली तर त्याला मान वळवता येत नव्हती, अख्खा माणूस वळवावा लागत होता. तपासणी झाल्यावर त्यानं शर्टाची बटणं लावत विचारलं, "मी आधी आलो असतो तर?"

"तर बरंच वाचलं असतं," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे.

"मी आधी फार जणांकडे गेलो होतो हो. तुमच्याकडे जायला कोणी सांगितलंच नाही."

तो चिडलाही नव्हता. त्यामुळेच ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं.

तिचा अंदाज असा होता: या आजारात टाचेचा स्नायुबंध जिथे हाडाला चिकटतो तिथे सूज लवकर दिसत असावी. टाचेची सोनोग्राफी साधी, झटपट होणारी तपासणी. पाठीच्या एमआरआयसाठी मात्र महिनोन्‌महिने थांबावं लागतं. टाच पाहून आजार ओळखता आला तर कुठल्याही लहानशा दवाखान्यात तो ओळखता येईल. पण हे तपासायचं तर ज्यांचं दुखणं नुकतं सुरू झालंय अशी माणसं हवीत, आणि नेमकी तीच येत नव्हती. वर्ष सरलं तरी अभ्यासात बोटांवर मोजण्याइतकेच लोक होते.

विभागप्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी तिला बोलावलं. "तुझी चिकाटी मला मान्य आहे. पण रुग्णच नाहीत तर अभ्यास कसला? वर्षअखेरीपर्यंत बघू. नाही जमलं तर सोनोग्राफीचं मशीन गुडघेवाल्यांना देतो."

"वर्षअखेरीपर्यंत मिळतील," ती म्हणाली. कुठून मिळतील याची तिला काडीचीही कल्पना नव्हती.

त्याच सुमारास तिची नणंद राहायला आली. नवऱ्याची ही धाकटी बहीण, घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. ती रंगारी होती. मोठमोठ्या इमारती आतून-बाहेरून रंगवायची, हाताखाली चार माणसं, आणि तोंड असं की चौघांना पुरून उरेल. शहरातल्या एका वाचनालयाचं काम मिळालं म्हणून ती भावाकडे उतरली, आणि आपल्या टेम्पोतून रंगाच्या डब्यांबरोबर, शहरातल्याच दुकानातून वाटेत घेतलेली स्वतःची गादीही घेऊन आली.

"आमच्याकडे गादी नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुमची कापसाची. ही स्प्रिंगची. त्याआधी फोमची होती, त्याआधी नारळाच्या काथ्याची. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, आता तेवढी वीटच वापरून बघायची राहिलीय."

सकाळी मात्र हीच धाकटी भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात यायची. खुर्चीत बसताना तोंड वाकडं व्हायचं. चहा संपून, दोन-चार फेऱ्या मारून झाल्या की हळूहळू मोकळी व्हायची, आणि दुपारी कुणी पाहिलं तर शिडीवर माकडासारखी. पहिल्या सुट्टीच्या दिवशी ती दिवसभर लोळली आणि संध्याकाळी पाठ जास्तच धरून बसली.

सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "काम असलं की ठणठणीत आणि सुट्टी असली की कण्हायचं. लहानपणापासूनची सवय. याला दुखणं म्हणत नाहीत, ढोंग म्हणतात."

मणकेबाईचा हात चहाच्या कपापाशीच थांबला. काम केलं की बरं वाटतं, पडून राहिलं की दुखतं. हे वाक्य ती विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवत होती.

"पहाटे दुखण्यानं जाग येते का गं तुला?" तिनं विचारलं.

धाकटीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "वहिनी, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. तुला दिसेल त्याचे मणके दिसतात. गादी वाईट आहे, बस. उद्या बदलून आणते."

दुसऱ्या दिवशी गादी परत करायला दोघी मिळून गेल्या. दुकान मोठं होतं, दारावर पाटी होती: अंथरूण पाहा, मगच पाय पसरा. मालक लठ्ठ, हसतमुख. पण गादी परत आलेली पाहून त्याचं हसू मावळलं.

"आणखी एक," तो म्हणाला आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे परत आलेल्या गाद्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, एकीवर एक, पार छतापर्यंत. "महिनाभर वापरून बघा म्हटलं, तीच माझी चूक. आणतात परत. आणि गंमत बघा, म्हातारी माणसं नाही आणत. त्यांना कुठलीही चालते. ही तरुण पोरंच कुरकुरतात."

धाकटी नवी गादी बोटानं दाबून बघत होती. मणकेबाई त्या ढिगाकडे बघत उभी राहिली. ज्या माणसांना ती वर्षभर शोधत होती ती इथे येऊन गेली होती. डॉक्टरकडे जाण्याआधी माणूस गादीवाल्याकडे जातो, एवढी साधी गोष्ट!

मोठ्या सरांना तिनं हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. झोपता येईना गादी वाकडी, हे नवीन."

"तेच म्हणतेय, सर. त्या वाकड्या गाद्यांवर माझे रुग्ण झोपलेत."

हसणं थांबल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "संशोधन तपासणारी नैतिकता समिती परवानगी देणार नाही."

"विचारून बघते."

समितीच्या अध्यक्षबाई कडक होत्या. त्यांनी तिला तासभर उलटसुलट विचारलं. गिऱ्हाइकाला दुकानदारानं काही विचारायचं नाही, कोण फोन करतं हे त्याला कळता कामा नये, दुकानात फक्त एक पाटी लागेल, आणि ज्याला वाटेल तो स्वतः फोन करेल. या अटींवर परवानगी मिळाली. मणकेबाई अटी वाचून खूश झाली. पण अजून मुख्य माणूस राहिला होता.

गादीवाल्यानं कानांवर हात ठेवले. "म्हणजे माझ्याच दुकानात पाटी लावायची की दोष गादीचा नाही, तुमच्या पाठीचा आहे? मग गाद्या घेणार कोण, तुम्ही?"

ती पुन्हा गेली. तो गिऱ्हाइकात आहे म्हणाला. ती बाकावर बसून राहिली. त्यानं जेवायची वेळ झाल्याचं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

"अहो, तुम्ही हात धुऊन मागे लागलात की माझ्या!"

"ज्याला हा आजार आहे, त्याला तुम्ही पिसांची गादी द्या नाहीतर सोन्याची द्या, तो परत आणणारच. तेवढी माणसं मला द्या. बाकी सगळी तुमचीच."

मालकानं हनुवटी खाजवली. "बायकोचा गुडघा फार दुखतो. बघाल का?"

"बघेन. उद्याच पाठवा. पण पाटीचा आणि गुडघ्याचा संबंध नाही. पाटी नाही लावलीत तरी गुडघा बघेन."

त्यानं हात पुढे केला. मग म्हणाला, "द्या ती पाटी इकडे." मजकूर वाचून त्यानं तोंड वाकडं केलं. "बाई, हे वाचेपर्यंत गिऱ्हाईक उभ्या उभ्या झोपेल. थोडक्यात लिहा."

शेवटी पाटीवर एवढंच उरलं: पडून राहिलं की पाठ दुखते आणि हालचाल केली की बरी वाटते? तिशी-चाळिशीच्या आतच हे सुरू झालं? गादी बदलण्याआधी आम्हाला फोन करा. खाली नंबर. समितीनं हा मजकूरही पाहून मंजूर केला.

पहिला फोन आला तो गादीवर सूट आहे का हे विचारायला. दुसरा एका आजोबांचा, त्यांना गप्पा मारायच्या होत्या. विभागातले लोक येता-जाता विचारायचे, "काय, उशा कशा दिल्या?" ती हसायची आणि फोन जवळ ठेवायची. मग एक सुतार आला. मग एक नर्स, जिला तिच्याच रुग्णालयात कोणी विचारलं नव्हतं. एक पोस्टमन, एक संगीतशिक्षिका. कुणाची पाठ साधीच निघाली. तेही हवेच होते, तुलना करायला. पण काहींच्या एमआरआयमध्ये कमरेच्या सांध्याशी सुजेचा पांढरा डाग उजळून दिसायचा, आणि हाडं अजून शाबूत असायची. अशी चित्रं तिनं आजवर फारशी पाहिलीच नव्हती. ती पडद्यासमोर बसून राहायची आणि तिला वाटायचं, आपण वेळेवर पोचलो. एकदा तरी वेळेवर पोचलो.

धाकटी मात्र बधत नव्हती. एका संध्याकाळी ओट्याशी उभं राहून मणकेबाईनं सरळच विषय काढला. "एकदा तपासून घे. माझ्याकडे नको, दुसऱ्या डॉक्टरकडे जा."

धाकटीनं हातावरचा रंग खरवडत मान हलवली. "वहिनी, मला आळशी म्हणा, ढोंगी म्हणा. आईचं ऐकून ऐकून माझे कान किटलेत, मला काही होत नाही. आळशी बाईला लोक शिडीवर चढू देतात. आजारी बाईला देतात का?"

एवढी वर्षं मणकेबाईला वाटायचं की लोकांना माहिती नसते म्हणून ते उशिरा येतात. माहिती असूनही न येणारं माणूस तिच्या स्वयंपाकघरात उभं होतं आणि त्याचं कारण मूर्खपणाचं नव्हतं.

"जबरदस्ती करणार नाही," ती शेवटी म्हणाली. "पण विचारणं सोडणारही नाही."

"ते मला ठाऊक आहे. गादीवाल्याची दया येते मला."

वाचनालयाचं काम अर्ध्यावर आलं असताना एका दुपारी धाकटी अचानक घरी आली. काळा चष्मा लावलेला. घरात येऊनही काढेना. मणकेबाई त्या दिवशी घरीच होती. तिनं चष्मा काढायला लावला. उजवा डोळा लालबुंद, पाण्यानं भरलेला, डावा स्वच्छ.

"रंग उडाला," धाकटी म्हणाली आणि खिडकीकडे पाठ केली.

"गार पाण्याच्या पट्ट्या ठेव," सासूबाई म्हणाल्या.

"रंग कधी उडाला?" मणकेबाईनं विचारलं.

"उडाला असेल."

"उडाला, की उडाला असेल?"

मणकेबाईनं पडदा थोडा सरकवला तसा धाकटीनं ओरडून हात डोळ्यावर घेतला. चिपडं नाहीत, खाज नाही, आत ठणका, उजेड सोसत नाही. या आजारातली सूज कधीकधी डोळ्यात उतरते. मणकेबाईनं गाडीची किल्ली उचलली. "चल."

"अगं पण हातपाय तरी धुऊ दे…" धाकटी म्हणाली.

"रंगलेल्या हातांनीच चल."

डोळ्यांच्या डॉक्टरीण वयस्कर होत्या, मोजकं बोलणाऱ्या. यंत्रातून बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "रंगबिंग काही नाही. डोळ्याच्या आत सूज आहे. अंगावर काढलं असतंत तर बाहुली मागच्या भिंगाला चिकटली असती. थेंब देते, ते सांगितल्याप्रमाणे टाकायचे, एकही वेळ चुकवायची नाही." मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का हो तुमची?"

धाकटीनं एका डोळ्यानं आधी त्यांच्याकडे, मग वहिनीकडे पाहिलं. "तुम्ही दोघींनी आधी ठरवून ठेवलंय का हे?"

"आम्ही आजच भेटतोय," डॉक्टरीण म्हणाल्या.

धाकटी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मणकेबाईनं तिच्या रंग लागलेल्या हातावर हात ठेवला. बाहेर पडल्यावर गाडीत बसताना धाकटी म्हणाली, "घे बाई तुझे फोटो एकदाचे."

एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना पांढरे डाग होते. हाडं मात्र अजून चिकटली नव्हती. नात्यातल्या माणसाचा डॉक्टर आपण होऊ नये, म्हणून उपचार सहकारी डॉक्टरांनी सुरू केले. धाकटीनं त्यांना पहिला प्रश्न विचारला तो शिडीचा.

"चढा की," ते म्हणाले. "सकाळी अंग मोकळं झाल्यावर चढा, डोळा बरा होईपर्यंत थांबा. पण काम सोडू नका. हालचाल हे निम्मं औषध आहे. तुम्ही रंगारी नसतात तर कदाचित यापेक्षा जास्त आखडला असतात."

हे ऐकून धाकटी आयुष्यात प्रथमच गप्प बसली, असं मणकेबाईचा नवरा नंतर सगळ्यांना सांगत होता.

सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "हं" म्हटलं आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चपला घालून लेकीच्या दाराशी उभ्या होत्या. "ऊठ. फिरून येऊ. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? मीही येते." ढोंग हा शब्द त्या घरात पुन्हा कोणी उच्चारला नाही. धाकटीला गोळ्यांनी थोडंच बरं वाटलं. मग इंजेक्शन सुरू झालं, ते लागू पडलं नाही. बदललेलं दुसरं लागू पडलं. त्या काळात ती चिडायची, औषधांना शिव्या द्यायची, पण सोडत नव्हती. वाचनालय तिनं पूर्ण केलं, आणि वहिनीच्या अभ्यासासाठी टाचेची सोनोग्राफीही करून दिली.

इकडे वर्षअखेरीपर्यंत अभ्यासाला पुरेसे लोक मिळाले आणि मशीन विभागातच राहिलं. त्यानंतर पुढचं वर्षभर काम चाललं. टाचांची चित्रं पाहणाऱ्यांना कोण आजारी, कोण नाही हे सांगितलेलं नव्हतं. सगळं जमल्यावर संख्याशास्त्रज्ञानं निकाल उघडला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"नाही," तो म्हणाला.

टाच काहीच सांगत नव्हती. आजार असलेल्यांच्या टाचेत सूज होती. पण दिवसभर उभं राहणाऱ्या, चालणाऱ्या, चढणाऱ्या निरोगी माणसांच्या टाचेतही तशीच होती. पोस्टमनला आजार नव्हता, धाकटीला होता, आणि दोघांच्या टाचा शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मणकेबाई घरी आली आणि कुणाशी न बोलता पडून राहिली. इतकी वर्षं ज्या टाचेच्या मागे होती ती टाच फसवी निघाली. नवऱ्यानं चहा आणून ठेवला, तो निवला. मग ती उठली, तोच गार चहा प्यायली आणि भाषण लिहायला बसली.

मोठ्या सरांनी ते वाचलं. "चुकलेला अंदाज ऐकायला परिषदेत कोणी येत नाही. गादीच्या दुकानाचा भाग चांगला आहे. तेवढाच सांग."

"दोन्ही सांगणार."

"कशाला हसं करून घेतेस?"

"सर, मी गप्प बसले तर उद्या आणखी कोणीतरी टाचांमागे वर्षं घालवेल. तिचे रुग्ण तेवढे दिवस थांबून राहतील."

परिषदेच्या दिवशी मात्र सर पहिल्या रांगेत येऊन बसले.

तिनं आधी टाच सांगितली, आडपडदा न ठेवता. सभागृहात काही लोक उठूनही गेले. मग तिनं दाखवलं की दुकानातल्या पाटीवरून आलेल्यांचा आजार नेहमीपेक्षा किती तरी आधी ओळखला गेला होता, आणि त्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या, ज्यांना आजवर कोणी ना कोणी थकवा, मन किंवा आळस असं काहीतरी कारण सांगून परत पाठवलं होतं. शेवटी मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. दुसऱ्या एका शहरात ती टाचांवरच अभ्यास सुरू करणार होती. "पुढच्या महिन्यात पहिला रुग्ण घेणार होतो," ती म्हणाली. "आता थांबवते. तुमची पाटी मिळेल का?"

"मिळेल," मणकेबाई म्हणाली. "पण एक गादीवाला तुमचा तुम्हाला शोधावा लागेल."

सभागृह हसलं. मोठे सर सगळ्यांत मोठ्यानं हसले.

परतीच्या प्रवासात त्यांनी विचारलं, "आता पुढे काय?"

"जी माणसं लवकर सापडली त्यांच्या मागे राहायचं. दर वर्षी तपासायचं. लवकर उपचार केले तर कणा खरंच वाचतो का, कुणाचा वाचतो, कुणाचा नाही, ते बघायचं."

"याला फार वर्षं लागतील."

"लागू देत."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मी तोवर निवृत्त होईन."

"मग विभाग कुणाच्या हाती द्यायचा ते नीट बघून ठरवा," ती म्हणाली, आणि मांडीवरचा कागद उलटून त्याच्या कोऱ्या बाजूवर नव्या अभ्यासाचं पहिलं वाक्य लिहायला लागली.